डिरेक्टरी सर्व्हर मंद का पडतो? कॅश, लॉग आणि कनेक्शनच्या सेटिंग्ज

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास एखाद्या मोठ्या कार्यालयात शेकडो लोक जवळपास एकाच वेळी संगणक सुरू करतात. पासवर्ड टाकला की एरवी क्षणात स्क्रीन उघडते. त्या दिवशी मात्र चक्र नुसते फिरत राहते. मेल उघडत नाही, वायफाय पुन्हा पुन्हा पासवर्ड मागते, सुट्टीचा अर्ज भरायची साइट "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणते. नेटवर्कवाले सांगतात नेटवर्क ठीक आहे, मेलवाले सांगतात मेल सर्व्हर ठीक आहे, आणि दोघेही खरेच बोलत असतात. या सगळ्या सेवा "हा माणूस कोण आणि याला आत घ्यायचे का" हे ज्या एकाच ठिकाणी विचारतात, तो डिरेक्टरी सर्व्हर दमलेला असतो.

असा सर्व्हर दमला की पहिली मागणी येते ती जास्त मेमरीच्या आणि जास्त प्रोसेसरच्या मशीनची. अनेकदा त्याची गरज नसते. आहे त्याच मशीनवर काही सेटिंग्ज चुकलेल्या असतात, आणि त्या कुठे शोधायच्या हे माहीत असेल तर अर्धा दिवस पुरतो.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय?

पूर्वी घराघरांत टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी असायची. आडनावावरून नंबर शोधायचा. छापली जायची क्वचित, उघडली जायची रोज. डिरेक्टरी सर्व्हरचा स्वभाव नेमका हाच आहे: माहिती बदलते कमी, विचारली जाते सतत. त्यात प्रत्येक व्यक्तीची, गटाची किंवा यंत्राची एक नोंद असते. तिला एंट्री म्हणतात. नाव, मेल, विभाग, पासवर्डचे सांकेतिक रूप अशी माहिती त्या एंट्रीत असते.

या सर्व्हरशी बोलण्याची भाषा म्हणजे एलडॅप, पूर्ण नावाने लाइटवेट डिरेक्टरी अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल. १९८८ च्या एक्स.५०० या अवजड मानकावर सोपा उतारा म्हणून ती पुढे आली. तिचे पहिले जाहीर रूप १९९३ चे, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम होज आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलेले. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९९७ ची. मिशिगनच्या मूळ सर्व्हरचे नाव स्लॅपडी. १९९८ मध्ये सुरू झालेला ओपनएलडॅप प्रकल्प त्याच कोडवर उभा राहिला. मिशिगनच्या चमूतले काही जण नेटस्केप कंपनीत गेले, तिथे नेटस्केप डिरेक्टरी सर्व्हर घडला. तो २००४ मध्ये रेड हॅटने घेतला, पुढच्या वर्षी मुक्त स्रोत केला, आणि २००९ पासून तो ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या नावाने ओळखला जातो. नावातला आकडा म्हणजे एलडॅपचा पोर्ट क्रमांक. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीही हीच भाषा बोलते. पुढची चर्चा मुख्यतः ओपनएलडॅप आणि ३८९ या दोन भावंडांबद्दल आहे, कारण त्यांच्या सेटिंग्ज हाताने बदलाव्या लागतात आणि चुकण्याची संधीही तिथेच जास्त.

आधी मोजमाप

एका लॉगिनमागे डिरेक्टरीकडे एक नाही, निदान चार विनंत्या जातात. आधी मेल सर्व्हर किंवा वेबसाइट स्वतःच्या सेवा-खात्याने डिरेक्टरीत शिरते. या शिरण्याला बाइंड म्हणतात. मग ती दिलेल्या युजरनेमची एंट्री शोधते. सापडलेल्या एंट्रीच्या पूर्ण नावाने, वापरणाऱ्याने टाकलेला पासवर्ड देऊन दुसरे बाइंड होते. शेवटी ही व्यक्ती कोणकोणत्या गटांत आहे याचा शोध. या चारपैकी एक पायरी अडली तरी माणसाला दिसते ते फक्त फिरणारे चक्र.

कोणती पायरी अडली हे सर्व्हरचा लॉग सांगतो. शोधाची ओळ आणि तिच्या निकालाची ओळ एकाच कनेक्शन क्रमांकाने जोडलेली असते. किती एंट्री परत गेल्या, किती वेळ लागला, दोन्ही तिथे असते. ओपनएलडॅपच्या २.५ आवृत्तीपासून निकालाच्या ओळीत दोन वेळा दिसतात: विनंती रांगेत किती थांबली आणि आल्यापासून उत्तर जाईपर्यंत एकूण किती वेळ गेला. हा भेद फार कामाचा आहे. रांगेतला वेळ मोठा असेल तर काम करणारे हात कमी पडत आहेत. रांगेचा वेळ नगण्य आणि एकूण वेळ मोठा असेल तर कामच जड आहे.

काम जड असण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे इंडेक्स नसणे. टेलिफोन डिरेक्टरीत आडनावावरून नंबर लगेच सापडतो, पण नंबरावरून आडनाव शोधायचे तर पहिल्या पानापासून वाचत जावे लागते. सर्व्हरचेही तेच. मेल पत्त्यावर इंडेक्स नसेल आणि एखादी सेवा मेल पत्त्यावरून शोधत असेल, तर प्रत्येक शोधाला सगळ्या एंट्री चाळल्या जातात. ओपनएलडॅप अशा वेळी अमुक गुणधर्म इंडेक्स केलेला नाही अशी ओळ लॉगमध्ये टाकतो, आणि ३८९ निकालाच्या ओळीत यू किंवा ए हे अक्षर जोडतो. ए म्हणजे पूर्ण डेटाबेस चाळला गेला.

ही खूण दिसत असेल तर कॅशला हात लावण्याआधी इंडेक्स घालावा. मोठी कॅश वाईट शोधाला थोडा वेगवान करते, पण तो वाईट शोधच राहतो. इंडेक्सचे प्रकारही विचार करून निवडावेत. अचूक जुळणीचा इंडेक्स लहान असतो. नावाच्या मधला तुकडा शोधण्याचा इंडेक्स, म्हणजे "कुल" टाकल्यावर कुलकर्णी यावेत असा, बराच मोठा होतो आणि प्रत्येक बदलाच्या वेळी त्याची डागडुजी करावी लागते. सगळ्या गुणधर्मांवर सगळे इंडेक्स लावून मोकळे होणारेही असतात. त्यांचा सर्व्हर वाचायला जलद आणि लिहायला रडतखडत चालतो. सेटिंगमध्ये नवा इंडेक्स नोंदवला म्हणजे जुन्या एंट्रींचा इंडेक्स आपोआप तयार झालाच असेही नाही. ३८९ मध्ये त्यासाठी वेगळे काम चालवावे लागते. ओपनएलडॅपमध्ये चालू सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधून बदल केला तर तो मागे बसून इंडेक्स बांधतो, पण जुन्या पद्धतीच्या फाइलमधून केला तर सर्व्हर थांबवून स्लॅपइंडेक्स चालवणे भाग असते.

कॅश : किती आणि कोणती

मराठीत लिहिताना रोख रकमेची कॅश आणि ही कॅश सारखीच दिसते, पण इथे अर्थ "हाताशी ठेवलेला साठा" असा. डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा एकदा वाचलेले मेमरीत ठेवायचे.

बर्कली डीबी या जुन्या साठवण पद्धतीवर चालणाऱ्या ३८९ सर्व्हरमध्ये असे साठे मुख्यतः तीन. एंट्री कॅशमध्ये उलगडून तयार ठेवलेल्या एंट्री असतात. मागणी आली की थेट पाठवता येतात. डेटाबेस कॅशमध्ये डेटाबेसच्या फाइलची कच्ची पाने असतात, त्यात इंडेक्सही येतो. तिसरी, लहान कॅश एंट्रींच्या पूर्ण नावांची. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर एंट्री कॅश म्हणजे वाढायला तयार ताट आणि डेटाबेस कॅश म्हणजे निवडून ठेवलेली भाजी. तयार ताट हाताशी असेल तर वेळ वाचतो, पण जागा तेच जास्त खाते.

समजा, एका विद्यापीठाच्या डिरेक्टरीत ४०,००० एंट्री आहेत आणि डिस्कवर एकेक एंट्री सरासरी ४ केबीची आहे. कच्चा डेटा साधारण १६० एमबी. म्हणून कुणी एंट्री कॅशला १६० एमबी देतो आणि जेमतेम एक-तृतीयांश एंट्री मावलेल्या पाहून चक्रावतो. मेमरीत उलगडलेली एंट्री डिस्कवरच्यापेक्षा बरीच मोठी असते. किती मोठी, हे गुणधर्मांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे अंदाज करत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारावे. त्याच्या मॉनिटर भागात कॅशमध्ये सध्या किती एंट्री आहेत आणि त्यांनी किती बाइट घेतले हे दोन आकडे मिळतात. एकाला दुसऱ्याने भागले की या डिरेक्टरीतल्या एका एंट्रीचे खरे वजन कळते. ते १२ केबी निघाले तर सगळ्या एंट्रींना सुमारे ४८० एमबी लागतील, वर थोडी मोकळी जागा. आजच्या मशीनवर हे काहीच नाही.

तिथेच हिट रेशो हा आकडा मिळतो: शंभर मागण्यांपैकी किती कॅशमधूनच भागल्या. सगळी डिरेक्टरी मावत असेल तर हा आकडा शंभराच्या जवळ असायला हवा. पण सर्व्हर नुकताच सुरू केला असेल तर तो कमीच दिसणार, कारण साठा अजून भरायचा आहे. सोमवारी सकाळी नऊला सर्व्हर रिस्टार्ट करणे ही म्हणूनच वाईट कल्पना. रिकाम्या कॅशने गर्दीला तोंड द्यावे लागते.

उलट टोकाची चूक जास्त महागात पडते. मेमरी आहे म्हणून सगळी कॅशला वाटून टाकली, की ऑपरेटिंग सिस्टीमला काही उरत नाही. मग ती मेमरीतली पाने डिस्कवर ढकलू लागते. ज्या डिस्कपासून वाचण्यासाठी कॅश ठेवली, ती कॅशच डिस्कवर जाऊन बसते. शिवाय सर्व्हरची प्रत्यक्ष मेमरी ठरवून दिलेल्या कॅशपेक्षा जास्त वाढते, कारण मेमरी तुकड्यातुकड्यांत घेतली आणि सोडली जाताना मधल्या फटी वाया जातात. कंटेनरमध्ये सर्व्हर चालत असेल आणि कंटेनरची मर्यादा काठोकाठ असेल, तर एखाद्या दिवशी कर्नल त्याला सरळ मारून टाकते. ३८९ च्या अलीकडच्या आवृत्त्या उपलब्ध मेमरी पाहून कॅश स्वतः ठरवतात. एकाच मशीनवर दुसरे काही चालत नसेल तर ते बहुधा पुरेसे असते.

ओपनएलडॅपची हकीकत वेगळी आहे, आणि थोडी गमतीची. त्याच्या जुन्या साठवण पद्धतीतही तीन कॅश होत्या. तिन्हींचे माप जुळवणे ही एक विद्याच झाली होती. एकच माहिती डिस्कच्या कॅशमध्ये, बर्कली डीबीच्या कॅशमध्ये आणि एंट्री कॅशमध्ये अशी तीनदा मेमरीत बसायची, आणि अनेक प्रोसेसर एकाच कॅशच्या कुलपासाठी ताटकळायचे. प्रकल्पाचे मुख्य शिल्पकार हॉवर्ड चू यांनी २०११ मध्ये एलएमडीबी हा नवा डेटाबेस लिहून हा प्रश्नच काढून टाकला. डेटाबेसची फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर अंथरायची आणि काय मेमरीत ठेवायचे हे ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवायचे. वाचणाऱ्यांना कुलपासाठी थांबावेच लागत नाही. २०२१ च्या २.५ आवृत्तीत जुन्या पद्धती काढूनच टाकल्या. ३८९ प्रकल्पही आता याच वाटेने निघाला आहे.

एलएमडीबीमध्ये कॅशचे माप नसते, पण एक माप असते आणि ते विसरले की सर्व्हर अडतो. डेटाबेस जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो हे आधी सांगावे लागते. न सांगितल्यास ते अवघे १० एमबी असते. ती मर्यादा गाठली की वाचन चालू राहते आणि प्रत्येक बदल नाकारला जातो: पासवर्ड बदलत नाही, नवा कर्मचारी नोंदवता येत नाही. ६४ बिट मशीनवर हा आकडा म्हणजे राखून ठेवलेले पत्ते, प्रत्यक्ष खर्च झालेली मेमरी नव्हे. म्हणून आजच्या डेटाच्या कितीतरी पट मोठा आकडा बिनधास्त द्यावा. त्यानंतर मेमरीच्या यादीत स्लॅपडी प्रचंड मोठा दिसू लागतो आणि कुणीतरी घाबरून मेल करतो. त्यात मोठा वाटा अंथरलेल्या फाइलचा असतो. गरज पडली तर ऑपरेटिंग सिस्टीम ती जागा परत घेऊ शकते.

सर्व्हरच्या बाहेरही एक कॅश असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. लिनक्स मशीनवरचा एसएसएसडी हा कार्यक्रम डिरेक्टरीतून आणलेली माहिती स्वतःजवळ ठेवतो, मुळात ५,४०० सेकंद म्हणजे दीड तास. अशा शेकडो मशीन असतील तर हाच साठा मुख्य सर्व्हरवरचा मोठा भार अडवतो. पण इथे वेगाची किंमत दुसऱ्या नाण्यात मोजावी लागते. गटातून काढलेला माणूस त्या मशीनवर काही काळ जुन्याच गटात दिसू शकतो. नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे अधिकार किती मिनिटांत संपले पाहिजेत, हे सुरक्षा विभागाला विचारूनच हा कालावधी वाढवावा.

लॉग : उपयोगी नोंद आणि नको तेवढी नोंद

वाचनाच्या कामात डिस्कवर लिहायची वेळ क्वचितच यावी. तरीही सर्व्हर दिवसभर डिस्कवर लिहीत असतो, कारण प्रत्येक विनंतीची नोंद लॉगमध्ये जाते. एका लॉगिनच्या चार विनंत्या म्हणजे आठ ओळी आणि कनेक्शन उघडल्या-मिटल्याच्या आणखी दोन-तीन.

३८९ मध्ये अ‍ॅक्सेस लॉगच्या ओळी आधी मेमरीत साठवून एकगठ्ठा लिहिल्या जातात. हे बफरिंग मुळात चालूच असते. चाचणीच्या वेळी ओळ लगेच दिसावी म्हणून कुणी ते बंद करतो. चाचणी संपते, सेटिंग तसेच राहते. एरर लॉगचे बफरिंग मात्र मुळात चालू नसते, आणि त्याची पातळी वाढवून रेप्लिकेशनचा तपास करणे ही नेहमीची गोष्ट आहे. तपास झाल्यावर पातळी खाली आणायची राहून गेली तर प्रत्येक बारीकसारीक पायरी डिस्कवर उतरत राहते. "कालपर्यंत ठीक होते, आज अचानक मंद" अशा तक्रारीत सर्वांत आधी पाहण्यासारखी जागा हीच.

ओपनएलडॅपमध्ये नोंदींच्या पातळ्या आकड्यांनी सांगतात. २५६ म्हणजे कनेक्शन, विनंती आणि निकाल. रोजच्या कामाला तेवढे पुरते. १ म्हणजे आतल्या प्रत्येक फंक्शनचा माग, आणि उणे १ म्हणजे सगळे. उणे १ वर चालणारा सर्व्हर काम कमी आणि आत्मचरित्र जास्त लिहितो. या नोंदी परंपरेने सिस्लॉगमार्फत जातात. काही जुन्या सिस्लॉगमध्ये प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर पक्के लिहून झाल्याची वाट पाहिली जात असे. फाइलच्या नावाआधी एक आडवी रेघ दिली की ते थांबायचे. आजच्या लिनक्सवर अडचण उलटी आहे. गर्दी झाली की जर्नलडी ठरावीक वेगापलीकडच्या ओळी टाकून देतो. म्हणजे नेमक्या गोंधळाच्या दहा मिनिटांची नोंद अर्धवट मिळते आणि तीवरून काढलेले निष्कर्ष चुकतात. २.६ आवृत्तीपासून ओपनएलडॅप सिस्लॉगला वगळून थेट स्वतःच्या फाइलमध्ये लिहू शकतो. ती सोय जरूर वापरावी.

मग लॉग पूर्ण बंदच का करू नये? वेग थोडा वाढेल, हे खरे. पण एखाद्या रात्री कुणी एकाच पासवर्डने हजारो खाती चाचपून पाहिली, तर त्याची खूण फक्त याच लॉगमध्ये असते. भारतात हा नुसता शहाणपणाचा प्रश्नही उरलेला नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग चालू ठेवून १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. तेव्हा लॉग बंद करण्याऐवजी त्याची जागा बदलावी. डेटाबेस एका डिस्कवर, लॉग दुसऱ्या. डेटाबेसमधला प्रत्येक बदल डिस्कवर पक्का लिहून झाल्याशिवाय पूर्ण मानला जात नाही, आणि त्याच वेळी तीच डिस्क लॉगच्या ओळींनी भरलेली असेल तर दोघेही खोळंबतात. जुने लॉग दाबून दुसरीकडे हलवण्याची व्यवस्थाही हवी. लॉगने डिस्क भरून सर्व्हर बंद पडणे ही लाजिरवाणी पण नेहमी घडणारी घटना आहे.

पक्क्या लिहिण्याबद्दल आणखी एक. वीज गेली तरी चालेल असे गृहीत धरून ही वाट पाहणे बंद करता येते, आणि मग लिहिण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. लाखो एंट्री पहिल्यांदा भरताना हे ठीक आहे. बिघडले तर पुन्हा भरता येते. चालू सर्व्हरवर नको.

काही वेळा वाचनाचे रूप घेऊन लेखनच चाललेले असते. शेवटचे लॉगिन कधी झाले ही वेळ एंट्रीत नोंदवण्याची सोय अनेक ठिकाणी सुरू केलेली असते. त्यामुळे प्रत्येक बाइंडमागे डेटाबेसमध्ये एक बदल होतो. एलएमडीबीमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असू शकतो, म्हणून सोमवारची गर्दी एका दारातून जाऊ लागते. ही नोंद सेकंदाला सेकंद अचूक हवी आहे का? बहुतेकांना "तीन महिन्यांत न वापरलेली खाती" एवढेच शोधायचे असते, त्यासाठी दिवसातून एकदा नोंद झाली तरी भागते. ओपनएलडॅपमध्ये इतक्या काळात पुन्हा नोंदवू नको असे सांगता येते.

कनेक्शन आणि थ्रेड

टपाल कार्यालयात शंभर माणसे आत उभी असली तरी खिडक्या पाच-सहाच असतात. कनेक्शन म्हणजे आत आलेली माणसे, थ्रेड म्हणजे खिडक्या. या दोन्हींची गल्लत झाली की सेटिंग्ज चुकतात.

ओपनएलडॅपमध्ये थ्रेड मुळात १६ असतात. एक शोध एका मिलिसेकंदात होत असेल तर हे १६ थ्रेड कागदोपत्री सेकंदाला १६,००० शोध उरकू शकतात. इंडेक्स नसलेला शोध २०० मिलिसेकंद घेत असेल तर तेच १६ थ्रेड सेकंदाला फक्त ८० शोध करतात. म्हणजे एखाद्या विसरलेल्या रिपोर्टने किंवा प्रिंटरच्या अ‍ॅड्रेस बुकने असे जड शोध सोडले, की बाकीचे हलके शोध त्यांच्या मागे रांगेत अडकतात. इथे थ्रेड १६ चे ६४ करण्याचा मोह होतो. थोडा आराम पडतोही, पण प्रोसेसर तेवढेच असतात. थ्रेड आपसांत प्रोसेसरसाठी आणि कुलपांसाठी भांडू लागले की एकूण वेग उलट घसरतो. मॉनिटर भागात कामाच्या प्रतीक्षेत किती विनंत्या आहेत हा आकडा दिसतो. तो सतत शून्याच्या वर असेल आणि प्रोसेसरही मोकळे असतील, तरच थ्रेड वाढवण्यात अर्थ आहे. ३८९ प्रोसेसर मोजून थ्रेड स्वतः ठरवतो. त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण सहसा पडत नाही.

कनेक्शनची मर्यादा वेगळ्याच ठिकाणी असते. युनिक्समध्ये प्रत्येक कनेक्शनला एक फाइल डिस्क्रिप्टर लागतो, आणि एका प्रोसेसला साधारणपणे १,०२४ मिळतात. त्यातून डेटाबेसच्या आणि लॉगच्या फाइल वजा जाता जे उरतात तेवढीच कनेक्शन. मर्यादा गाठली की सर्व्हर जिवंत असतो, प्रोसेसर रिकामा असतो, आणि नवीन माणसाला मात्र दार बंद. ज्याला हे ठाऊक नाही तो तासन्‌तास नेटवर्क तपासत बसतो. सिस्टमडीखाली चालणाऱ्या सेवेची ही मर्यादा तिच्या युनिट फाइलमध्ये वाढवावी लागते. लॉगिन शेलमध्ये वाढवलेल्या मर्यादेचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि यातही पुष्कळ जण फसतात.

मर्यादा वाढवण्याआधी इतकी कनेक्शन उघडी का आहेत ते पाहावे. पुष्कळशी नुसती पडून असतात: एखाद्या अ‍ॅपने उघडली आणि मिटवायची विसरली. ठरावीक काळ काही न बोलणाऱ्याला बाहेर काढण्याची सोय दोन्ही सर्व्हरमध्ये आहे. ३८९ मध्ये ती मुळात एक तासाची असते, ओपनएलडॅपमध्ये शून्य, म्हणजे बंद. ती सुरू करताना एक काळजी घ्यावी लागते. नीट लिहिलेली अ‍ॅप काही कनेक्शन मुद्दाम उघडी ठेवतात आणि पुन्हा पुन्हा वापरतात. याला पूल म्हणतात. सर्व्हरने पाच मिनिटांनी कनेक्शन तोडले आणि पूल मात्र ते दहा मिनिटे जिवंत समजत राहिला, तर शांत वेळेनंतरची पहिली विनंती फसते. "दुपारच्या जेवणानंतर पहिल्यांदा लॉगिन होत नाही, दुसऱ्यांदा होते" अशा तक्रारीचे मूळ बहुधा इथे सापडते. पूलची मुदत नेहमी सर्व्हरपेक्षा कमी ठेवावी. मध्ये फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर असेल तर त्याची स्वतःची मुदत असते, आणि तो कनेक्शन तोडल्याचे कुणालाच न सांगता तोडू शकतो. अशा वेळी टीसीपीची कीपअलाइव्ह सोय मदतीला येते, पण लिनक्सवर तिचा पहिला ठोका मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पडतो. तोपर्यंत फायरवॉलने गाशा गुंडाळलेला असतो. हा कालावधी फायरवॉलच्या मुदतीच्या आत आणावा.

पूल नसलेली अ‍ॅप उलट बाजूने त्रास देतात. प्रत्येक लॉगिनला नवे कनेक्शन, त्यावर टीएलएसची नव्याने ओळखपरेड, मग सेवा-खात्याचे बाइंड. टीएलएसची सुरुवात प्रोसेसरला जड जाते. पासवर्ड तपासणे तर मुद्दामच जड केलेले असते: पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ यांसारख्या पद्धती चोराला लाखो पासवर्ड झटपट तपासता येऊ नयेत म्हणून वेळ खातात. माणसाच्या पासवर्डसाठी ती किंमत मोजायलाच हवी. वेग वाढवायचा म्हणून इथे हलकी पद्धत निवडणे म्हणजे दाराची कडी काढून ये-जा सोपी करणे. पण तेच सेवा-खाते दिवसात लाखभर वेळा आपला पासवर्ड तपासून घेत असेल, तर तो खर्च निव्वळ वाया जातो. अ‍ॅपमध्ये पूल सुरू केला की तो थांबतो. सर्व्हरवरच्या कोणत्याही सेटिंगने एवढा फरक पडत नाही, फक्त त्यासाठी दुसऱ्या विभागाच्या माणसाला पटवावे लागते.

मोठ्या उत्तरांचाही विचार करावा लागतो. ओपनएलडॅप एका शोधाला मुळात ५०० एंट्रींपर्यंतच उत्तर देतो, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी १,००० पर्यंत. एखाद्या पगारपत्रकाच्या प्रणालीला सगळे कर्मचारी हवे असतात, म्हणून ही मर्यादा सरसकट काढून टाकली जाते. त्यानंतर कुणीही "सगळे द्या" म्हणू शकतो. त्याऐवजी त्या एका खात्यापुरती मर्यादा वाढवावी, किंवा पानापानाने उत्तर मागण्याची एलडॅपमधली सोय वापरायला लावावी. शोधताना हवे तेच गुणधर्म मागण्याची सवयही लावावी. २०,००० सदस्य असलेल्या गटाचे फक्त नाव हवे असताना न सांगता विचारले, तर सगळी सदस्ययादी तारेवरून येते. आणि उत्तर घेणारे यंत्र संथ असेल तर तेवढा वेळ एक थ्रेड त्याच्यापुढे अडकू शकतो. यासाठी लिहिण्याची मुदत ठरवता येते. ओपनएलडॅपमध्ये तीही मुळात बंद असते.

बदल करताना

एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवावा. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि सर्व्हर सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. बिघडला तर परत कुठे जायचे तेही कळत नाही. चाचणीसाठी मनाने रचलेले शोध घेण्यापेक्षा एखाद्या सोमवारच्या सकाळचा लॉग घेऊन तेच शोध त्याच क्रमाने चाचणी सर्व्हरवर सोडावेत. ३८९ सोबत येणारा लॉगकॉन्व्ह हा कार्यक्रम अ‍ॅक्सेस लॉगमधून सर्वांत संथ शोध, इंडेक्स नसलेले शोध आणि सर्वाधिक येणारे पत्ते काढून देतो. अनेक ठिकाणी या यादीतल्या पहिल्या दोन-तीन ओळींतच निम्मा भार सापडतो, आणि तो पाठवणारी सेवा कुणाची होती हे कार्यालयात आता कुणालाच आठवत नसते.

इतके करूनही प्रोसेसर भरलेलाच राहिला तर दुसरा सर्व्हर उभा करून रेप्लिकेशनने माहिती दोन्हीकडे ठेवतात. त्याने वाचनाचा भार वाटला जातो. लेखनाचा जात नाही, कारण प्रत्येक बदल शेवटी दोन्ही ठिकाणी लिहावाच लागतो. लॉगिनच्या वेळेची ती नोंद प्रत्येक बाइंडला होत असेल, आणि ती दुसऱ्या सर्व्हरकडेही पाठवली जात असेल, तर नव्या मशीनच्या पहिल्याच सोमवारी ते दिसून येते.